गावरान भाज्यांचं बियाणं आणि कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या वाणांच्या भाज्या लावणारे शेतकरी, परसबाग आणि गच्चीवर बी राखणारे लोक, आणि त्या बियांची छोटी पाकिटं विकणारे यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं भारतातल्या कायद्यांपुरती आहेत. कोणावर प्रत्यक्ष कारवाई सुरू झाली असेल तर फक्त हे वाचून थांबू नका, नोटीस घेऊन वकिलाकडे जा.

१. घरचं बी राखून पुढच्या वर्षी पेरणं आता बेकायदेशीर झालंय म्हणतात. खरं का?

नाही. ही अफवा दर खरिपाच्या तोंडावर पसरते आणि म्हाताऱ्या माणसांना उगाच घाबरवते. आपल्या शेतातलं, परसातलं किंवा कुंडीतलं बी राखायला आणि पेरायला भारतात कोणत्याही कायद्याने बंदी नाही. उलट २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ मध्ये बी राखणं, वापरणं, पेरणं, पुन्हा पेरणं, अदलाबदल करणं, वाटणं आणि विकणं हे शेतकऱ्याचे हक्क म्हणून लिहिलेले आहेत. प्रश्न सुरू होतो तो विक्रीच्या पद्धतीपासून.

२. मग बियाण्याला नेमके कोणते कायदे लागू होतात?

मुख्य तीन. पहिला बियाणे कायदा १९६६ (आणि त्याखालचे १९६८ चे नियम). तो बियाण्याची गुणवत्ता आणि लेबल पाहतो. दुसरा बियाणे नियंत्रण आदेश १९८३. हा अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली निघाला असून विक्रीचा परवाना त्यातून येतो. तिसरा वर सांगितलेला २००१ चा कायदा. वाणावर हक्क कोणाचा, हे तो ठरवतो.

बहुतेक गोंधळ या तिघांची सरमिसळ केल्याने होतो. बियाणं उत्तम असूनही परवाना नसल्याने माणूस अडचणीत येऊ शकतो, आणि परवाना असूनही उगवण कमी निघाली म्हणून येऊ शकतो. शिक्षाही सारख्या नाहीत. बियाणे कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड अजूनही ५०० रुपयांपर्यंतच आहे. नियंत्रण आदेश मोडला तर मात्र अत्यावश्यक वस्तू कायद्याचं कलम ७ लागतं आणि त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. निकृष्ट बी विकणाऱ्या मोठ्या विक्रेत्याला पाचशेचा दंड आणि चांगलं गावरान बी विनापरवाना विकणाऱ्या बाईला तुरुंगाची भीती, ही रचना मला अन्यायाची वाटते. पण आज ती तशी आहे, आणि ती माहीत असलेली बरी.

३. शेजारच्या गावचे लोक माझ्या घरी येऊन दुधी-दोडक्याचं बी विकत नेतात. परवाना काढू का?

यासाठी नको. बियाणे कायद्याच्या कलम २४ मध्ये स्पष्ट सूट आहे. त्यात तीन गोष्टी जुळाव्या लागतात: बी तुम्ही स्वतः पिकवलेलं असावं, विक्री तुमच्याच जागेवर थेट व्हावी, आणि घेणाऱ्याने ते स्वतः पेरण्यासाठी न्यावं. तिन्ही जुळल्या तर या कायद्यातली उगवणीची, शुद्धतेची आणि लेबलची अट तुम्हाला लागत नाही. हंगामात उरलेलं थोडं बी दारातून देणं याला धंदा म्हणता येत नाही, त्यामुळे नियंत्रण आदेशाचाही रोख तुमच्याकडे नाही.

ही सूट उंबऱ्यापाशी संपते, एवढं लक्षात असू द्या. घेणारा ते बी पुढे विकायला नेत असेल, किंवा तुम्ही शेजारणीकडून बी गोळा करून तुमच्या दारात विकत असाल, तर कलम २४ तुमच्या कामाचं नाही.

४. मी गच्चीवर बी धरते आणि इन्स्टाग्रामवर ऑर्डर घेऊन कुरिअरने पाठवते. पाकिटात वीसच बिया असतात. मलाही परवाना?

हो. हे उत्तर कोणालाच आवडत नाही, तरी सांगावं लागतं. नियंत्रण आदेशात अमुक ग्रॅमच्या खाली सूट, अशी सोय नाही. वीस बिया असोत की वीस किलो, नियमितपणे पैसे घेऊन विकणं हा बियाणे विक्रीचा व्यवसाय ठरतो. कुरिअरने गेलेलं बी तुमच्या जागेवर थेट दिलेलं नसतं, म्हणून कलम २४ ची सूटही लागत नाही. त्यामुळे परवाना (प्रश्न ८) आणि लेबल (प्रश्न ९) दोन्ही हवेत.

छोट्यांसाठी वेगळी, सोपी नोंदणी असायला हवी असं माझं ठाम मत आहे. जुनी वाणं आज टिकून आहेत ती अशाच पाकिटांमुळे. पण तशी तरतूद अजून नाही.

५. पैसे घेतच नाही, फक्त अदलाबदल करतो. तरी कायदा लागतो?

बियाणे कायद्याचं कलम ७ नीट वाचा. त्यात फक्त विक्री नाही, ‘वस्तुविनिमय’ आणि ‘अन्य प्रकारे पुरवठा’ हेही आहे. मात्र वाक्याची सुरुवात ‘व्यवसाय करणे’ अशी आहे. मूठभर वालाच्या बदल्यात मूठभर चवळी हा व्यवसाय नव्हे. शिवाय अदलाबदल आणि वाटप हे कलम ३९ मधले हक्क आहेत.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. २००१ च्या कायद्यात ‘शेतकरी’ म्हणजे फक्त सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस नव्हे. पारंपरिक वाणांचं एकट्याने किंवा इतरांसोबत जतन करणारा, किंवा निवड करून त्यांचे गुण वाढवणाराही त्या व्याख्येत बसतो. म्हणजे ठाण्यातल्या फ्लॅटच्या खिडकीत आजीच्या गावची मिरची वर्षानुवर्षं राखणारी बाईही. तिने ते बी मैत्रिणींना वाटावं, निर्धास्तपणे.

६. बियाणे महोत्सवात टेबल लावायचं आहे. चालेल का?

प्रदर्शन मांडणं, माहिती देणं, अदलाबदल करणं: चालेल. पैसे घेऊन विकायचं असेल तर महोत्सवाचं मैदान ही तुमची ‘स्वतःची जागा’ नव्हे. कोणी कधी अडवलं नाही म्हणून ते नियमात बसतं असं समजू नका. आयोजकांनी दोन गोष्टी कराव्यात: जिल्ह्याच्या कृषी विभागाला आधी लेखी कळवावं, आणि विक्रीची टेबलं परवानाधारकांकडेच द्यावीत. बाकीच्यांनी नमुना म्हणून बी द्यावं आणि जास्त हवं असेल त्याला शेतावर बोलवावं. तिथे प्रश्न ३ चं उत्तर लागू होतं.

खाण्यासाठी विकलेलं धान्य किंवा शेंग मात्र बियाणं नव्हे. वाल, पावटा, चवळी, कुळीथ उसळीसाठी विकायला बियाण्याचा परवाना लागत नाही. घरी नेऊन कोणी त्यातले चार दाणे पेरले तर तो त्याचा प्रश्न. पण खाण्याचा माल म्हणून आणायचा आणि पाटीवर ‘पेरणीसाठी उत्तम’ लिहायचं, हे करू नका.

७. आमचा बचत गट दहा-बारा बायकांचं बी एकत्र करून विकतो. प्रत्येकीने स्वतःच पिकवलंय, मग सूट का नाही?

कारण विकणारा गट आणि पिकवणारी व्यक्ती कायद्यासमोर वेगळी. गट, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा बीज बँक गोळा करून, पॅकिंग करून विकते तेव्हा तिच्या नावाने परवाना लागतो. बीज बँक सभासदांना बी ‘उसनं’ देत असेल आणि हंगामानंतर परत घेत असेल (बहुतेक ठिकाणी नेलं त्याच्या दीडपट किंवा दुप्पट), तर ती सभासदांमधली देवघेव आहे. तिची नोंदवही मात्र काटेकोर ठेवा.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना वाल-घेवड्यासारख्या देशी वाणांच्या जतनासाठी पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा गावागावातून ‘आम्हीही बँक काढतो’ असे निरोप आले. जरूर काढा. त्यांच्या कामामागे बाएफसारख्या संस्थेची साथ होती, म्हणजे नोंदी, साठवण आणि बियांची तपासणी यांची शिस्त होती. फक्त बरण्या मांडून बँक होत नाही.

८. परवाना कसा काढायचा? मिळाल्यावर काय काय पाळावं लागतं?

अर्ज नमुना ‘अ’ मध्ये, परवाना नमुना ‘ब’ मध्ये. महाराष्ट्रात जिल्हा पातळीवर कृषी विभागाकडे आणि गोव्यात कृषी संचालनालयाकडे जावं लागतं. शुल्क आणि कागदपत्रांची यादी वेळोवेळी बदलते, म्हणून तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून चालू यादी घ्या. परवाना ठरावीक जागेसाठी असतो. साठा दुसऱ्या खोलीत ठेवणार असाल तर ती जागाही अर्जात दाखवा.

नंतरची कामं सोपी, पण रोजची. साठा आणि भाव यांचा फलक दिसेल असा लावायचा, प्रत्येक गिऱ्हाइकाला पावती द्यायची, साठा रजिस्टर लिहायचं. पावतीवर वाण आणि लॉट नंबर टाकायची सवय लावा. तक्रार आली तर तुमचं संरक्षण तीच पावती करते.

९. पाकिटावर काय छापू? आणि बियाणं ‘प्रमाणित’ करून घेणं सक्तीचं आहे का?

प्रमाणीकरण सक्तीचं नाही. अकोल्याच्या महाराष्ट्र राज्य बीज प्रमाणीकरण यंत्रणेकडून निळं लेबल मिळतं ते फक्त अधिसूचित, म्हणजे सरकारने या कायद्याखाली जाहीर केलेल्या वाणांना. तुमच्या काटेरी वांग्याचं किंवा गावठी काकडीचं वाण अधिसूचित नसेल तर प्रमाणीकरणाचा मार्गच बंद आहे. तुमच्यासाठी रस्ता ‘सत्यप्रत’ बियाण्याचा आणि हिरव्या लेबलचा. इथे गुणवत्तेची हमी तुम्ही स्वतः देता.

पाकिटावर पिकाचं नाव, वाणाचं नाव, लॉट नंबर, निव्वळ वजन, उगवणशक्ती, भौतिक आणि आनुवंशिक शुद्धता, तपासणीची तारीख, मुदत, आणि विकणाऱ्याचं नाव-पत्ता हवा. बियाण्याला औषध चोळलं असेल तर त्याचं नाव आणि खाण्यासाठी वापरू नये ही सूचना बंधनकारक आहे. राख किंवा कडुलिंबाचा पाला घालून ठेवलं असेल तर तेही लिहा, लोकांना आवडतं आणि खरंही असतं. मुदत तपासणीपासून नऊ महिन्यांची धरतात. पुन्हा तपासून ती वाढवता येते.

१०. आमचं वाण अधिसूचितच नाही, मग उगवणीची मर्यादा कशी लागेल?

हा खरा किचकट मुद्दा. अधिसूचना ‘वाणा’ची असते तशी ‘पिका’चीही असते. टोमॅटो, वांगं, मिरची, भेंडी, कांदा ही पिकं म्हणून अधिसूचित आहेत. त्यामुळे तुमचं वाण कोणाला माहीत नसलं तरी त्या पिकाची किमान मर्यादा त्याला लागते. शिवाय नियंत्रण आदेशात २००६ मध्ये आलेल्या दुरुस्तीनंतर अधिसूचित नसलेल्या बियाण्यालाही विक्रेत्याने अधिसूचित बियाण्याचाच दर्जा सांभाळणं अपेक्षित आहे.

मर्यादा अशा: टोमॅटो, वांगं, कांदा ७० टक्के, भेंडी ६५, मिरची आणि बहुतेक वेलभाज्या ६०. नीट वाळवलेल्या ताज्या गावरान बियाण्याला त्या अवघड नाहीत. मार बसतो तो कांद्याला, कारण कांद्याचं बी वर्षभरात जीव सोडतं. जुना साठा तपासल्याशिवाय विकूच नका.

घरी तपासायचं तर शंभर बिया मोजून ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात किंवा कागदात गुंडाळा, रोज ओल पाहा आणि धड मोड आलेल्या बिया मोजा. प्रयोगशाळा चारशे बियांवर तपासते. लेबलवर आकडा छापण्याआधी पुणे, नागपूर किंवा परभणीच्या बीज परीक्षण प्रयोगशाळेतून अहवाल घ्या.

आनुवंशिक शुद्धता अधिक कठीण. वाल, घेवडा, टोमॅटो बरेचसे स्वतःच्याच परागावर भागवतात. मिरचीत मधमाश्या घोटाळा करतात. काकडी, दोडका, भोपळा यांना त्याच जातीच्या दुसऱ्या वाणापासून अर्धा-एक किलोमीटर अंतर हवं, आणि ते छोट्या शेतकऱ्याला कुठून मिळणार? त्यावर उपाय म्हणजे फूल उमलण्याच्या आदल्या दिवशी नर-मादी फुलं बांधून ठेवायची, दुसऱ्या दिवशी हाताने परागीकरण करायचं आणि त्या फळाला दोरा बांधून तेवढंच बियाण्याला राखायचं. एक भोपळा शेकडो बिया देतो, कष्ट वाया जात नाहीत.

११. पाकिटावर ‘देशी’ किंवा ‘गावरान’ लिहिलं तर कोणी अडवेल का?

या शब्दांची बियाणे कायद्यात व्याख्या नाही. म्हणूनच ते जपून वापरायला हवेत. संकरित टोमॅटोचं बी काढून ‘देशी’ म्हणून विकणं ही फसवणूक आहे. त्याची पुढची पिढी फुटते, एकेक झाड वेगळं निघतं आणि गिऱ्हाईक सगळ्याच गावरान बियाण्यांना नावं ठेवतं. संकरित बी घरी राखून स्वतः पेरायला मनाई नाही, फक्त ते दुसऱ्याला वेगळ्या नावाने देऊ नका. बी कोणत्या गावचं, किती वर्षं राखलेलं, कोणी राखलं हे एका ओळीत लिहिलं तर ‘देशी’ शब्दाची गरजही उरत नाही.

१२. चुकून कंपनीच्या नोंदणीकृत वाणाचं बी माझ्याकडून विकलं गेलं तर?

शेतकरी असाल तर संरक्षित वाणाचंही बी विकण्याचा हक्क कलम ३९ देतं, अट एकच: ते ‘ब्रँडेड’ नको. म्हणजे संरक्षित वाणाचं नाव दाखवणारं लेबल लावून पाकिटात विकायचं नाही. आणि वाणावर कंपनीचा असा काही हक्क आहे हेच ठाऊक नव्हतं अशा शेतकऱ्यासाठी कलम ४२ मध्ये संरक्षण आहे.

तरीही दावे होतात. २०१९ मध्ये पेप्सिकोने एफएल २०२७ या बटाट्याच्या वाणासाठी गुजरातच्या शेतकऱ्यांवर दावे लावले. चौघांकडे प्रत्येकी एक कोटीहून जास्त रक्कम मागितली. देशभर आवाज उठला आणि मे २०१९ मध्ये कंपनीने दावे मागे घेतले. डिसेंबर २०२१ मध्ये वाणांची नोंदणी पाहणाऱ्या प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणीच रद्द केली, पुढे जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. पण तो वाद नोंदणी टिकते की नाही याचा होता. कलम ३९ आहे तिथेच आहे.

१३. आमच्या गावचं वाण आमच्या नावावर नोंदवता येईल का? खर्च किती?

येईल, ‘शेतकरी वाण’ म्हणून, आणि शेतकऱ्यांना शुल्क माफ आहे (कलम ४४). वाण नवं असण्याची अट नाही. विशिष्टता, एकसमानता आणि स्थिरता तपासतात, पण एकसमानतेत सवलत आहे: कंपनीच्या वाणात जितकी वेगळी झाडं चालतात त्याच्या दुप्पट शेतकरी वाणात चालतात. भाज्यांसाठी संरक्षण एकूण १५ वर्षांचं.

अडचण नावाची येते. गावाचं किंवा भागाचं नाव वाणाला सहसा देता येत नाही. ते प्रामाणिक वापर आहे असं निबंधकांना पटलं तरच चालतं. नोंदणी केलीच पाहिजे असं मात्र नाही. नोंदणी नसलेलं वाणही तुम्ही लावू आणि वाटू शकता.

१४. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. मी ते नगरला लावलं तर?

लावा, खा, विका. फक्त ‘जळगाव भरीत वांगी’ या नावाने विकू नका. मानांकन नावाला असतं, झाडाला नसतं. कोरेगावचा वाघ्या घेवडा, अलिबागचा पांढरा कांदा, गोव्यातलं आगशीचं वांगं, खोला मिरची या सगळ्यांना हेच लागू.

१५. मी बी विकत नाही, वांगी-मिरचीची रोपं विकतो. लसणाच्या पाकळ्या, सुरणाचे गड्डेही. ते कायद्यात येतं का?

येतं. १९६६ च्या व्याख्येत रोपं, कंद, गड्डे, मुळं, फाटे, कलमं हे सगळं ‘बियाणं’ आहे. प्रश्न ३ ची सूट तुम्हालाही आहे, प्रश्न ४ ची अटही.

१६. अमेरिकेतल्या मुलीला मेथी, गवार, तोंडल्याचं बी पाठवायचं आहे. लिफाफ्यात घालू?

नको. तिकडच्या कस्टमला ते सापडलं तर नष्ट होतं. पेरणीच्या बियाण्याला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. अमेरिकेत छोट्या पाकिटांसाठी मोफत परवान्याची सोय आहे: पाकिटात जास्तीत जास्त ५० बिया किंवा १० ग्रॅम, एका पार्सलमध्ये ५० पाकिटांपर्यंत. पण तो परवाना मुलीने तिकडून आधी काढायचा असतो, आणि टोमॅटो-मिरचीला रोगाच्या भीतीने जास्त निर्बंध आहेत. युरोप आणि ब्रिटनलाही प्रमाणपत्र हवंच. उलट बाजूने, परदेशातून बी आणताना आपल्याकडे २००३ चा वनस्पती संगरोध आदेश लागतो.

१७. बियाणे निरीक्षक आले तर काय करायचं?

घाबरू नका आणि अडवूही नका. रजिस्टर, पावत्या, प्रयोगशाळेचा अहवाल पुढे ठेवा. नमुना घेताना तीन भाग करतात: एक तुम्हाला, एक तपासणीला, एक निरीक्षकांकडे. तुमचा भाग घ्याच आणि सीलबंद जपा. मागितल्यास नमुन्याची किंमतही मिळते. विक्री थांबवण्याचा आदेश लेखी हवा आणि तो तीस दिवसांपर्यंतच असतो. खटला उभा राहिलाच तर जपून ठेवलेला नमुना केंद्रीय बीज प्रयोगशाळेकडे, वाराणसीला, पाठवण्याची मागणी न्यायालयात करता येते.

गिऱ्हाईकही ग्राहक न्यायालयात जाऊ शकतं. बियाणं घेणारा शेतकरी ‘ग्राहक’च आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात म्हटलं आहे.

१८. नवा बियाणे कायदा येतोय. त्यात आमचं काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला. विक्रीच्या वाणांची सक्तीची नोंदणी, पाकिटावर क्यूआर कोड, दंडात मोठी वाढ हा त्याचा गाभा. शेतकरी वाणांना नोंदणीतून सूट आहे आणि ब्रँडशिवाय विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क मसुद्यातही ठेवला आहे. माझी काळजी मधल्या माणसांची आहे: बचत गट, बीज बँका, पाकिटं विकणाऱ्या बायका. एक व्यक्ती म्हणून शेतकऱ्याला सूट मिळते, एकत्र आले की ते ‘विक्रेते’ होतात. गटाने राखलेल्या शेतकरी वाणांसाठी वेगळी तरतूद मागायला हवी. तुमच्या खासदारांना, कृषी विभागाला लेखी कळवा. मसुदा म्हणजे कायदा नव्हे, आज प्रश्न २ मधलेच तीन लागू आहेत.

१९. आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वाण उद्या दुसऱ्या कोणी स्वतःच्या नावावर नोंदवलं तर?

अर्ज आला की तो वनस्पती वाण जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो आणि तीन महिन्यांत कोणालाही हरकत घेता येते. मुदत टळली तरी २००१ च्या कायद्याच्या कलम ३४ खाली नोंदणी रद्द करण्याची मागणी करता येते. आणि नोंदवलेलं वाण तुमच्या समाजाच्या वाणावरून घडवलं असेल तर कलम ४१ खाली गाव, समूह किंवा त्यांच्या वतीने एखादी संस्था भरपाईचा दावा करू शकते.

या सगळ्याला पुरावा लागतो, आणि बहुतेक गावांकडे तो नसतो. म्हणून आत्ताच करा: वाणाच्या झाडाचे, फुलाचे, फळाचे, बियांचे तारखेसह फोटो काढा, कोणाच्या घरी किती वर्षांपासून आहे ते लिहून वयस्कर माणसांच्या सह्या घ्या, ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडच्या लोकजैवविविधता नोंदवहीत ते नोंदवून घ्या आणि त्या पानाची शिक्क्यासह प्रत घरी ठेवा.